पाचशे प्रतींचा धंदा : आमची वाटचाल

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं जुन्या रेकॉर्डचं आणि कॅसेटचं दुकान आहे. माल एकाच जातीचा, पंक (बंडखोर, खडबडीत रॉक) आणि हार्डकोर (त्याचाच आणखी वेगवान, आक्रमक प्रकार), आणि त्यातही मोजक्या प्रतींत निघालेला. कुणी पाचशे छापल्या, कुणी हजार, कुणी घरच्या डेकवर पन्नास कॅसेट भरून कार्यक्रमाच्या दारात विकल्या. अशा वस्तू शोधायच्या, अस्सल आहेत का ते तपासायचं आणि जशा आहेत तशा सांगून विकायच्या. मी आणि बायको मिळून हे बघतो. शनिवार-रविवार कॉलेजातला एक मुलगा हाताखाली असतो.

एडिसन म्हटल्यावर आपली माणसं डोकावणारच. आत येतात, भिंतीवरच्या कवट्या बघून जरा थबकतात आणि विचारतात, "नाट्यसंगीत आहे का हो?" नाही. "मग निदान किशोरकुमार?" तोही नाही. काही जण चहा घेऊन जातात, काही तसेच. सासरे पहिल्यांदा इथे आले तेव्हा त्यांनी संपूर्ण दुकान शांतपणे पाहिलं आणि लेकीला बाजूला घेऊन विचारलं, "ह्याच्यावर घर चालतं?"

आता चालतं. आणि त्याचं बरंचसं श्रेय जागेला आहे. आम्हाला इथे नोकरीनं आणलं, पण या मालासाठी शोधून सापडली नसती अशी ही जागा निघाली. इथून उत्तरेला लोडाय नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मिसफिट्स या पंक बँडने 1977 साली आपली पहिली सात इंची, म्हणजे लहान आकाराची, रेकॉर्ड काढली, प्रती 500. दक्षिणेला ट्रेंटनमध्ये सिटी गार्डन्स नावाचा क्लब होता, पंकच्या अनेक मोठ्या बँडांनी तिथे हजेरी लावलेली. हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कचा सीबीजीबी हा क्लब. तिथे रविवारी दुपारी हार्डकोरचे कार्यक्रम व्हायचे, त्यामुळे शाळेतली पोरंसुद्धा ट्रेन पकडून जायची. सीबीजीबी 2006 मध्ये बंद झालं. ती पोरं आता पन्नाशी ओलांडून गेलीत. त्यांचे गुडघे दुखतात, मुलं कॉलेजात गेली, आणि थंडीला कंटाळून घर विकून फ्लोरिडाला जायचं ठरतंय. बेसमेंटमधल्या खोक्यांचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हा पडतो. आमचा धंदा त्या खोक्यांवर उभा आहे.

सुरुवात सगळ्यांची असते तशीच. आठवडाभर आयटीतली नोकरी, सुट्टीला रेकॉर्ड मेळ्यात टेबल. मग गॅरेज, मग मागच्या दोन खोल्या, मग घरात चालायला जागा उरेना तेव्हा भाड्याची जागा. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगण्यासारखी आहे ती वर्णनाची गोष्ट. बायको पेशानं अकाउंटंट. मी विक्रीसाठी लिहिलेला मजकूर तिने वाचला आणि म्हणाली, "तू हे विकतोयस की ह्याचं कौतुक करतोयस?" गिऱ्हाइकाला त्या बँडचं मोठेपण माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्याला हवं असतं ते इतकंच : दुसऱ्या बाजूला पहिल्या गाण्यात ओरखडा आहे का, तो वाजतो का, कव्हरची शिवण कुठे उसवली आहे, आणि कोपऱ्यावर पेनाने कुणाचं नाव आहे का. या व्यवसायात मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस अशी उतरती भाजणी सगळीकडे चालते. आम्ही ‘मिंट’ लिहीतच नाही. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कशावरही ‘निअर मिंट’ची चिठ्ठी लावत नाही. हार्डकोरचं एक बरं आहे, दोन्ही बाजू मिळून दहा मिनिटांत आटोपतं. ख्याल विकत असतो तर हा नियम परवडला नसता.

नकली मालाचा सुळसुळाट फार. समजा मिसफिट्सची एखादी जुनी सात इंची टेबलावर आली. आधी कव्हर बघायचं. नकली कव्हर बहुतेक वेळा अस्सल कव्हर स्कॅन करून केलेलं असतं. भिंग लावलं की फोटोतले छपाईचे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतात, बारीक अक्षरांची पोटं बुजलेली दिसतात. मग तबकडी दिव्याखाली तिरपी धरायची. गाणं संपतं तिथपासून लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर नंबर कोरलेला असतो, कधी सोबत एखादा खासगी विनोदही. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. हाताने खरवडलेली अक्षरं आणि यंत्राने ठोकलेली अक्षरं नखालासुद्धा वेगळी लागतात. ते डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या वेबसाइटवरच्या नोंदीशी ताडायचं. तिथे एकाच रेकॉर्डच्या प्रत्येक छपाईची स्वतंत्र नोंद असते, पण ती भरणारे तुमच्याआमच्यासारखेच, म्हणून आम्ही आमचीही फोटोंची वही ठेवली आहे. त्यानंतर लेबलाचा कागद, वजन, भोकाची कड.

आणि शेवटी ऐकायचं. मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, हाताशी नसते, म्हणून नकली काढणारा बरेचदा अस्सल रेकॉर्ड वाजवून त्यावरूनच छपाईचा मास्टर बनवतो. मग काय होतं, समोरची तबकडी आरशासारखी स्वच्छ असते आणि तरी आतून टिक, टिक, खरखर येते. ती खरखर त्या वाजवलेल्या अस्सल रेकॉर्डवरची, गाण्यासोबत छापली गेलेली. हे एकदा कानाला कळलं की विसरत नाही. शंका उरली तर आम्ही ती रेकॉर्ड घेत नाही. यावरून भांडणं होतात. माणसाने ती वीस वर्षं अस्सल म्हणून जपलेली असते, आणि आम्ही दहा मिनिटांत तोंड कडू करतो.

आता ‘लिमिटेड एडिशन’बद्दल, कारण त्यावर आमचं जरा वाकडं मत आहे. 1980 मध्ये वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा पोरांचा बँड मोडला तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सहाशेच्या आसपास डॉलर शिल्लक होते. ते वाटून न घेता त्यांनी आठ गाण्यांची सात इंची छापली, हजार प्रती. कव्हरं हाताने कापली, दुमडली, गोंद लावून चिकटवली. डिस्कॉर्ड रेकॉर्ड्सची सुरुवात ती. यात दुर्मीळ करण्याचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. पुढची पायरी 1989 ची. न्यूयॉर्कच्या जज या बँडला आपल्या अल्बमचं रेकॉर्डिंग पसंत पडलं नाही, ते पुन्हा करायचं ठरलं. पण लोकांनी आगाऊ पैसे पाठवलेले होते, म्हणून रेव्हलेशन रेकॉर्ड्सने पहिल्या रेकॉर्डिंगच्या शंभरेक प्रती नेहमीच्या काळ्याऐवजी पांढऱ्या व्हिनिलवर (रेकॉर्डच्या प्लॅस्टिकवर) काढून दिल्या. हार्डकोर जमवणाऱ्यांत ती रेकॉर्ड म्हणजे दंतकथा. आमच्या दुकानात ती कधी आलेली नाही. आली तर मी ती विकीन की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.

आणि आजचं चित्र काय? एकाच अल्बमचे पाच रंग. लाल तीनशे, पारदर्शक दोनशे, शिंतोड्यांचा शंभर. संख्या आधी जाहीर, मग विक्री, आणि त्याच संध्याकाळी तिप्पट भावाने फेरविक्री. रंगांचं वेड जुनं आहे हे मला मान्य. पण ज्याची टंचाई ठरवून केली ती वस्तू मी ‘दुर्मीळ’ म्हणून विकत नाही. ठेवतो, छापील किमतीला विकतो, आणि एका माणसाला एकच देतो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

2020 ने आम्हाला बरंच शिकवलं. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग इथला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. रेकॉर्डचा मास्टर ज्या लॅकरच्या चकतीवर कापतात ती चकती जगात दोनच ठिकाणी बनायची, एक तिथे आणि दुसरी जपानात. पाठोपाठ कोविड. दुकानाला कुलूप लागलं आणि आम्ही धास्तावलो. झालं उलटंच : घरात अडकलेली माणसं रेकॉर्ड मागवायला लागली. त्या वर्षी अमेरिकेत रेकॉर्डची विक्री रकमेत सीडीच्या पुढे गेली, 1986 नंतर पहिल्यांदाच. टपालाने जाणारा आमचा माल दुपटीवर गेला. मार खाल्ला तो छोट्या बँडांनी. मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी कारखान्यांत पुढे सरकल्या आणि तीनशे प्रतींच्या ऑर्डरी मागे पडत गेल्या. आम्ही त्या सुमारास गावातल्याच एका बँडची सात इंची काढायला घेतली होती. कारखान्याकडून तारीख यायची, टळायची, नवी यायची. लोकांचे आगाऊ पैसे बायकोने वेगळ्या खात्यात ठेवले होते, म्हणून ज्याने मागितले त्याला त्याच दिवशी परत करता आले. शेवटी बँडवाली पोरंच म्हणाली, तोवर कॅसेट काढू.

आणि कॅसेट हा आज आमच्या दुकानाचा निम्मा भाग आहे. शंभर प्रती काढायला फार भांडवल लागत नाही, महिनाभरात हातात येतात, पाकिटात मावतात. कोरी टेप मिळते. मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डची नॅशनल ऑडिओ कंपनी सगळे बंद करत असतानाही कॅसेट बनवत राहिली. जुन्या कॅसेटना तर आता रेकॉर्डइतकाच मान आहे. न्यूयॉर्कच्या रॉअर या कंपनीने 1979 पासून फक्त कॅसेटच काढायचं धोरण ठेवलं होतं. बॅड ब्रेन्स या हार्डकोर बँडचा पहिला अल्बम 1982 मध्ये त्यांनीच काढला, आणि तो त्या वेळी केवळ कॅसेटवर होता. वॉशिंग्टनच्या कॅपिटल या संसदभवनावर वीज कोसळतानाचं ते कव्हर तुम्ही टी-शर्टवर पाहिलं असेल. त्या पहिल्या कॅसेटची चांगली प्रत आली की आम्ही ती काउंटरमागे ठेवतो.

कॅसेट विकायची तर दुरुस्ती यायला हवी. चाळीस वर्षांत टेपपेक्षा आधी तिच्यामागचा फेल्टचा तुकडा जातो. पट्टीच्या स्प्रिंगवरचा त्याचा गोंद सुकतो, तुकडा गळून पडतो, आणि आवाज घशात अडकल्यासारखा येतो. लोकांना वाटतं टेप खराब झाली. बॉडी स्क्रूची असेल तर काम पाच मिनिटांचं. चिकटवलेली असेल तर शिवणीत पातळ पातं सरकवून हलक्या हाताने उघडायची, दोन्ही चकत्या जशाच्या तशा उचलून नव्या बॉडीत बसवायच्या, मूळ बॉडी पाकिटात घालून सोबत द्यायची, आणि हे सगळं वर्णनात लिहायचं.

या कामामुळेच नाट्यसंगीत विचारणारे काका पुन्हा यायला लागले. आता पिशवी घेऊन येतात. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, मुंजीचं रेकॉर्डिंग, सत्त्याऐंशी सालच्या गणपतीत भावाने म्हटलेलं गाणं. माझ्या टेबलावर एका बाजूला बोस्टनच्या कुठल्यातरी हार्डकोर बँडचा डेमो उघडलेला आणि शेजारी हरिपाठ, हे दृश्य नेहमीचं झालं आहे. दर दोघांना एकच.

तरुण गिऱ्हाइकं एक प्रश्न हमखास विचारतात आणि तो टाळून चालत नाही. इंग्लंडच्या क्रास या बँडने आपल्या रेकॉर्डच्या कव्हरवरच छापलं होतं की यापेक्षा जास्त पैसे देऊ नका. डिस्कॉर्डही टपालखर्चासकट किंमत कव्हरवर टाकायचं. आणि तुम्ही त्याच रेकॉर्ड शेकडो डॉलरना विकता? विकतो. ती किंमत वस्तूची आहे. गाणं ऐकायचं असेल तर नवी छपाई घ्या, असं आम्ही सरळ सांगतो. डिस्कॉर्डसारख्या कंपन्या आपला जुना माल पुन्हा पुन्हा छापत आल्या आहेत. दाराजवळचं स्वस्त खोकं आम्ही त्यासाठीच भरलेलं ठेवतो : नव्या छपाया, ओरखडे असलेल्या पण वाजणाऱ्या प्रती, कव्हर नसलेल्या कॅसेट. महागड्या भिंतीपेक्षा तिथे गर्दी जास्त असते. या उत्तराने सगळ्यांचं समाधान होत नाही.

पाठवणीचं काम बायकोने हातात घेतल्यापासून मोडतोड जवळपास थांबली. तबकडी कव्हरच्या बाहेर काढून वेगळी ठेवायची, नाहीतर वाटेतल्या आदळआपटीत ती कव्हरची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठे. देशातल्या देशात मीडिया मेल हा टपालखात्याचा सवलतीचा दर स्वस्त पडतो, पण त्यात रेकॉर्ड आणि कॅसेट चालतात, टी-शर्ट चालत नाही, आणि टपालवाल्यांना पाकीट उघडून बघायचा हक्क आहे. तेव्हा ‘शर्टही त्याच खोक्यात टाका’ असा आग्रह कृपया करू नये. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या छोट्या पार्सलांची जकातमाफी काढून घेतली, तेव्हा युरोपातल्या अनेक टपालखात्यांनी काही काळ इकडची पार्सलंच घेणं थांबवलं. आमची बाहेरून होणारी खरेदी तेव्हापासून मंदावली आहे. म्हणून सध्या भर न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या घरच्या संग्रहांवर आहे.

तुमच्याकडे किंवा ऑफिसातल्या एखाद्या जुन्या पंकवाल्याकडे असं खोकं असेल तर आम्ही घरी येऊन बघतो, यादी दोन प्रतींत करतो आणि एक तुमच्यापाशी ठेवतो. फक्त आम्ही यायच्या आधी काही पुसू नका. ओल्या फडक्याने लेबलं गेलेल्या रेकॉर्ड आम्ही भरपूर पाहिल्या आहेत. आतले गाण्यांचे कागद, स्टिकर, बँडने पाठवलेली हाताने लिहिलेली चिठ्ठी, कार्यक्रमाची झेरॉक्स पत्रकं, जे काही निघेल ते तसंच त्यात राहू द्या.