किमो संपली, तरी इंजेक्शन चालूच

सोलापुरात कॅन्सरच्या डे-केअरचा (उपचार घेऊन त्याच दिवशी घरी) इन्शुरन्स डेस्क सांभाळते. इथं क्लेम नाकारणाऱ्या पत्रातलं एक वाक्य पाठ होऊन जातं: ‘पेशंट 24 तास ॲडमिट नव्हता.’ किमोला ही अट लागत नाही, ती डे-केअरमध्ये धरली जाते, हे पॉलिसीतच छापलेलं असतं. तरी पत्र येतंच. क्लॉज नंबर टाकून दोन ओळींचं उत्तर द्यायचं, की काम होतं.

मे महिन्यातली ती केस मात्र तेवढ्यावर सुटणारी नव्हती. अक्कलकोटकडच्या मावशी, स्तनाचा कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त. पॅक्लिटॅक्सेल ही किमो आणि ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवरचं इंजेक्शन बरोबर चालू होतं तोवर कॅशलेस बिनबोभाट पास व्हायचं. मग पॅक्लिटॅक्सेल संपलं. ट्रॅस्टुझुमॅब मात्र दर तीन आठवड्यांनी, एकूण वर्षभर द्यायचं असतं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते एकटं होतं आणि टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं, पत्र आलं: किमोथेरपी पूर्ण, सदर इंजेक्शन ओपीडीत देता येते, कॅशलेस नामंजूर.

मावशींना तोवर सलाइनची सुई लागली होती. सिस्टरचा फोन, “मॅडम, व्हायल फोडू का थांबू?” एकदा पाणी घालून औषध विरघळवलं की ते बिलात लागतंच. थांबा म्हटलं. मावशींचे यजमान, काका, काउंटरशी येऊन उभे. “भरायचे का पैसे? सोसायटीतनं उचलतो की.”

टीपीएला फोन लावला. “मॅडम, क्लेम नाकारला नाही, फक्त कॅशलेस नाकारलंय. रिइम्बर्समेंटला टाका.” म्हणजे आधी पैसे भरायचे, मग कंपनीकडून परत मागायचे. कागदावर हे खरंच आहे. पण तेवढी रोकड घरात असणारा माणूस कॅशलेससाठी आमच्या बाकड्यावर ताटकळत कशाला बसेल?

पॉलिसी काढून बसले. डे-केअरच्या यादीवरून भांडण्यात अर्थ नव्हता. ट्रॅस्टुझुमॅब म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं औषध; रूढ अर्थानं किमो नव्हेच. तेवढ्यापुरतं टीपीएच्या डॉक्टरांचं बरोबर होतं. पण आयआरडीएआय या विमा नियामकाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत आधुनिक उपचारांची यादी दिली होती. त्यात इंजेक्शननं द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी होत्या, तोंडानं घ्यायची किमोसुद्धा होती. त्या सूचनांप्रमाणे कंपनीला हे उपचार वगळता येत नव्हते, मर्यादा घालता येत होती. मावशींच्या पॉलिसीत ते कलम सापडलं: भरती करून किंवा डे-केअरमध्ये, विमा रकमेच्या निम्म्यापर्यंत.

आता डॉक्टरांचं पत्र. सरांनी ‘उपचार चालू ठेवावेत’ एवढंच खरडून दिलं होतं. मी ते परत नेलं. सर वैतागले, पण लिहून दिलं: वजनानुसार किलोला 6 मिलिग्रॅम, शिरेतून, रिॲक्शनसाठी देखरेख लागते, हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सोबत हर-टूचा 3+, म्हणजे ठळक पॉझिटिव्ह, रिपोर्ट जोडला. मेलच्या तळाशी आठवणही दिली की 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा असतो. अशी ओळ टाकली की लोक जरा लवकर फाइल उघडतात, हा माझा अनुभव.

दुपारच्या जेवणाआधी मंजुरी आली. सिस्टरनं व्हायल फोडली. ग्लोव्हजचे आणि फाइल चार्जेसचे पैसे तेवढे कापले, ते कापणारच.

मी काकांना बसवून हिशोब दाखवला. मर्यादा निम्म्या विम्याची, डोस अजून बरेच बाकी. देशी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं, घेतलं तर नूतनीकरणापर्यंत बहुतेक निभतं, मूळ कंपनीचं घेतलं तर मध्येच अडकेल. हे खरं तर पहिल्याच डोसला सांगायला हवं, पण तेव्हा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. काकांनी पॉलिसीच्या पाठीवर आकडे उतरवून घेतले आणि सरांना विचारायला आत गेले. सर बायोसिमिलरला तयार होते.

पुढच्या डोसची फाइल मी आदल्या दिवशीच पाठवली, सगळे रिपोर्ट लावून. क्वेरी आली: टूडी इको जोडावा. चौथ्या पानावर होता. पान नंबर टाकून परत पाठवला.