लसीकरणानंतर उठलेल्या गाठी आणि एका जनुकाची साक्ष

सप्टेंबर २०२२ मध्ये, महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग वेगाने पसरत असताना, आमच्या प्रयोगशाळेत रोज खपल्यांचे नमुने येत होते. त्यांतल्या एका नळीसोबत पशुवैद्यकांनी लिहिलेली चिठ्ठी होती. गाईला शेळ्यांच्या देवीची लस टोचल्यानंतर आठवडाभरातच तिच्या पोटावर आणि मांड्यांवर गाठी उठल्या होत्या. ‘लशीनंच माझ्या गाईला लम्पी झाला’ असे पशुपालकाचे म्हणणे होते, आणि ते ऐकून शेजारच्या गोठ्यांतले लोक आपल्या जनावरांना लस टोचून घ्यायला तयार नव्हते.

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्या वेळी दिली जाणारी लस शेळ्यांच्या देवीच्या विषाणूच्या उत्तरकाशी प्रकारापासून बनवलेली असून तिच्यात सौम्य केलेला, पण जिवंत विषाणू असतो. मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि लम्पी या तिन्ही रोगांच्या विषाणूंचे जनुकीय साहित्य सुमारे ९६ ते ९७ टक्के सारखे आहे. या जवळिकीमुळेच शेळीच्या रोगाची लस गाईला उपयोगी पडते. मात्र त्याच जवळिकीमुळे तिन्ही विषाणूंना मिळून असलेली पीसीआर चाचणी (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याची पद्धत) ‘आहे’ असे सांगते तेव्हा नेमका कोणता विषाणू आहे, हे कळत नाही. या गाईच्या बाबतीत तर तोच प्रश्न होता.

लम्पीच्या विषाणूचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय साहित्य, सुमारे दीड लाख अक्षरांचा (डीएनएच्या ए, टी, जी, सी या घटकांचा) आहे. त्यातून आम्ही आरपीओ३० हे जनुक निवडले. देवीवर्गीय विषाणू पेशीच्या केंद्रकात न जाता पेशीद्रव्यातच वाढतात, म्हणून आरएनए बनवणारे एन्झाइम त्यांना स्वतःचे लागते, आणि त्या एन्झाइमचा एक घटक या जनुकावरून तयार होतो. मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूत या जनुकातली २१ अक्षरे गळालेली असल्याने तो जेलवरच, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, ओळखता येतो. शेळीची देवी आणि लम्पी यांत मात्र जनुकाची लांबी सारखीच, ६०६ अक्षरांची असते. आमच्या जेलवरही त्याच जागी स्वच्छ पट्टी आली, म्हणजे अक्षरे वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

पीसीआरचे उत्पादन थेट वाचता आले असते. तरीही आम्ही ते टी-व्हेक्टरमध्ये, म्हणजे टोकांना एक ‘टी’ अक्षर असलेल्या वाहक डीएनएमध्ये, जोडून इ. कोलाय जिवाणूंत घातले, कारण नमुन्यात लशीचा आणि रोगाचा असे दोन्ही विषाणू असण्याची शक्यता होती. थेट वाचनात त्यांची सरमिसळ दिसली असती. जिवाणूंच्या एका वसाहतीत मात्र मूळ मिश्रणातला एकच रेणू वाढतो. दुसऱ्या दिवशी एम्पिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर निळ्या वसाहतींमध्ये भरपूर पांढऱ्या, म्हणजे तुकडा सामावलेल्या, वसाहती दिसल्या. त्यांतल्या निवडक वसाहतींचे प्लास्मिड, म्हणजे तुकडा जोडलेला तो वाहक डीएनए, काढून, एन्झाइमने कापून आतला तुकडा योग्य लांबीचा असल्याची खात्री केली आणि नमुने सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरे क्रमाने वाचायला, पाठवले.

ज्या दिवशी त्या फायली आल्या, तो दिवस माझ्या नोकरीतला विसरता न येणारा आहे. लम्पी आणि शेळीची देवी यांना वेगळे करणाऱ्या प्रत्येक जागी आमच्या सर्व क्लोनांत (एकेका वसाहतीतून मिळालेल्या जनुकाच्या प्रतींत) लम्पीचेच अक्षर होते. वंशवृक्षातही ते लम्पीच्या फांदीवर बसले आणि लशीच्या विषाणूचा एकही क्लोन मिळाला नाही. पण एका क्लोनमध्ये अमिनो आम्ल बदलणारे एक निराळे अक्षर होते. ‘मॅडम, हा नवा स्ट्रेन असेल का?’ असे आमच्या संशोधक विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा त्याच्या आवाजातला आनंद मला समजत होता. गाईचे दूधही प्यावे की नाही, अशा अफवा गावोगाव फिरत असलेल्या त्या दिवसांत ‘नवा स्ट्रेन’ हे दोन शब्द प्रयोगशाळेबाहेर जाणे मला धोक्याचे वाटत होते. पीसीआरमध्ये डीएनएची नक्कल करणारे टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम अधूनमधून चुकते, आणि क्लोनिंगमध्ये त्या एका चुकीची संपूर्ण वसाहत तयार होते. त्यामुळे एकट्या क्लोनमधल्या बदलावर विश्वास ठेवता येत नाही. आम्ही त्याच खपलीच्या डीएनएपासून, चुका दुरुस्त करणारे एन्झाइम वापरून, जनुक पुन्हा वाढवले. त्या एन्झाइमचे उत्पादन बोथट टोकांचे असते, म्हणून टी-व्हेक्टरसाठी त्याला आधी शेपटीचे ‘ए’ जोडावे लागले. नव्या क्लोनांपैकी एकातही तो बदल आढळला नाही.

मग पशुवैद्यकांना अहवाल दिला: खपल्यांत लम्पीचाच विषाणू आढळला, लशीचा आढळला नाही. लस किती संरक्षण देते हे या जनुकावरून ठरत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले. शरीरात विषाणू शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत एक-दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त काळ जाऊ शकतो आणि लशीपासून प्रतिकारशक्ती तयार व्हायलाही साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे ही गाय टोचणीच्या दिवशीच बाधित असणे सर्वांत संभवनीय होते. पशुवैद्यकांनी हे फोनवर न सांगता त्या पशुपालकाच्या गोठ्यात जाऊन, अहवाल हातात देऊन समजावले, आणि शेजारच्या निरोगी जनावरांना टोचण्याचे काम त्यानंतर सुरू झाले.