बाबांची साठीशांत आणि बेइजिंगमधलं बाययुन ग्वान

2025 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बाबांची साठीशांत झाली. संकल्पात गुरुजी 'विश्वावसुनाम संवत्सरे' म्हणाले आणि मग समजावून सांगितलं, की 1965 साली बाबा जन्मले तेव्हाही विश्वावसूच होतं. साठ संवत्सरांचा फेरा पुरा होऊन तेच नाव परत आलं. नोव्हेंबरमध्ये आई, बाबा आणि मी बेइजिंगला गेलो, आणि हाच साठ वर्षांचा हिशोब तिथे एका दालनात मूर्तिरूपाने बसलेला पाहिला.

मंदिराचं नाव बाययुन ग्वान, म्हणजे पांढऱ्या ढगांचं मंदिर. मूळ स्थापना आठव्या शतकातली, तांग सम्राट श्वानझोंगच्या काळातली. आज दिसतात त्यातल्या बहुतेक इमारती मात्र नंतरच्या मिंग आणि छिंग राजघराण्यांच्या काळातल्या. ताओ हा चीनचा जुना देशी धर्म, त्याच्या संघटनेचं मुख्यालय 1957 पासून इथेच आहे. हे नुसतं प्रेक्षणीय स्थळ नाही, नांदतं मंदिर आहे. केसांचा बुचडा बांधलेले, निळ्या अंगरख्यातले साधू अंगणातून आपापल्या कामाला जात असतात. ते छ्वानजन पंथाचे, म्हणजे ब्रह्मचारी आणि शाकाहारी.

जायला सोपं आहे. मेट्रोच्या 1 नंबरच्या मार्गावर मूशीदी स्थानकाला उतरून आम्ही वीसेक मिनिटं चाललो. आईचे गुडघे दुखत असतील तर टॅक्सीच बरी, हे मला परतताना सुचलं. तिकीट आम्ही गेलो तेव्हा 10 युआन होतं. पासपोर्ट जवळ ठेवा. पैसे बहुतेक सगळीकडे फोनवरूनच देतात, त्यामुळे अलीपे हे ॲप भारतातूनच सुरू करून त्याला आपलं कार्ड जोडून घ्या. आणि सकाळीच जा. दुपारनंतर दालनं बंद होऊ लागतात आणि शेवटी पळापळ होते.

मुख्य दाराच्या मधल्या कमानीवर, आत शिरताना उजव्या हाताला, दगडात कोरलेलं एक छोटं माकड आहे. लाखो हात फिरून ते काळंभोर, गुळगुळीत झालंय. आवारात अशी तीन माकडं आहेत आणि ती शोधायची पद्धत आहे. आईचा जन्म 1968 चा, म्हणजे तिकडच्या बारा प्राण्यांच्या वर्षचक्राच्या हिशोबाने माकडाच्या वर्षातला. तिला हे सांगितल्यावर ती रांगेत उभी राहिली आणि माकडाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवून आली.

आत एका रेषेत अंगणामागून अंगण आणि दालनामागून दालन येतं. सगळं तपशिलाने पाहत बसलात तर थकाल. मी म्हणेन, छिउ छूजीच्या दालनात मात्र थांबा. सत्तरी ओलांडलेल्या या साधूला चंगीझ खानाने बोलावून घेतलं. चीनच्या पूर्व किनाऱ्याकडून निघून 1222 मध्ये तो हिंदुकुशच्या परिसरात खानाच्या छावणीत पोहोचला. अमर होण्याचं औषध आहे का, असं खानाने विचारलं. आयुष्य जपण्याचे मार्ग आहेत, अमरत्वाचं औषध नाही, असं त्याने जगज्जेत्याला तोंडावर सांगितलं. 1227 मध्ये तो इथेच वारला. दालनात झाडाच्या गाठीतून कोरलेलं एक भलंमोठं पात्र आहे, त्याच्याखाली त्याच्या अस्थी आहेत असं मानतात. बाबा तिथे बराच वेळ हात जोडून उभे होते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. पश्चिमेकडच्या अंगणात युआनछन दालन आहे. मधोमध दौमू देवी, म्हणजे सप्तर्षींची माता. तिच्या रूपात भारतातून गेलेली मारीची ही बौद्ध देवी मिसळलेली आहे. भोवती साठ वर्षांचे साठ देव. कुणी दाढीवाला, कुणी तरुण, कुणाच्या हातात शस्त्र. प्रत्येकाखाली त्याच्या वर्षाचं दोन अक्षरी नाव. त्यांचं चालू चक्र 1984 ला सुरू झालं, आपलं प्रभव, म्हणजे साठांतलं पहिलं संवत्सर, 1987 ला. दोन्हींत अंतर फक्त तीन वर्षांचं!

बाबांचं वर्ष यी-स, सापाचं, चक्रातलं बेचाळिसावं. त्यांचा देव शोधायला आम्हाला काहीच कष्ट पडले नाहीत, कारण सगळी गर्दी त्याच्याचपुढे होती. 2025 हेही यी-सच, त्यामुळे तो त्या वर्षाचा अधिपतीही होता. आपल्या जन्माचा प्राणी परत येतो ते वर्ष तिकडे जपून काढायचं मानतात, लाल कापड अंगावर बाळगतात, देवाला शांत करतात. आपणही साठीला शांतच करतो ना! शेजारच्या एका आजींना मी फोनवर भाषांतर करून बाबांचं वय दाखवलं. त्यांनी बाबांचा हात धरून त्यांना पुढे नेलं आणि नमस्कार कसा करायचा ते दाखवलं: उजव्या मुठीवर डावा हात. घरी साठ दिव्यांनी ओवाळताना बाबा नुसते हसत होते. इथे त्यांचे डोळे भरून आले.

तुम्ही जाणार असाल तर घरच्या सगळ्यांच्या जन्मवर्षांची चिनी अक्षरं आधीच फोनमध्ये साठवून ठेवा, म्हणजे मूर्ती पटकन सापडतील. जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला जन्मलेल्यांनी तपासून घ्या, कारण त्यांचं वर्ष बहुधा आधीचं धरतात. उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. उदबत्त्या अंगणातल्या धूपपात्रातच लावायच्या, तीन पुरतात. दालनात मूर्तींचे फोटो काढू नका. 'मी शाकाहारी आहे' हे चिनी अक्षरांत लिहून जवळ ठेवा. आम्ही त्या दुपारी आईच्या दशम्यांवर भागवलं, आवाराबाहेर बसून. वेळ असेल तर दक्षिणेला चालत जाऊन त्येननिंग मंदिराचा विटांचा तेरा मजली स्तूप बघा. तो लियाओ काळातला, म्हणजे सुमारे नऊशे वर्षं जुना आहे.

निघण्याआधी आईचा देव शोधला. त्याला जरा वेळ लागला. त्याच्यापुढे कुणीच नव्हतं, फक्त कुणीतरी ठेवलेलं एक सफरचंद. आईने पर्समधून सुपारी काढून शेजारी ठेवली आणि बाबांना म्हणाली, "2028 ला माझ्यासाठी या."