मेटफॉर्मिन चालू असेल तर बी १२ एकदा तपासाच

आपल्याकडे कुणी थकवा म्हटलं की लगेच मेडिकलमधून बी कॉम्प्लेक्सची स्ट्रिप येते. आईचंही तेच चाललेलं. शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन, पूर्ण शाकाहारी, जिना चढली की दमायची, तळपायाला मुंग्या यायच्या, आणि मुंग्या शुगरमुळेही येतात ना, म्हणून सगळ्यांनी तेच धरून चाललेलं. नवीन डॉक्टरांनी रक्तातलं व्हिटॅमिन बी १२ तपासायला लावलं तर १४० (pg/mL) आलं, २०० च्या खाली म्हणजे कमतरताच.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी १२ अंगात नीट शोषलं जात नाही. रोज पॅन्टोप्राझोल, म्हणजे पित्ताची गोळी, घेणाऱ्यांनाही हा धोका आहे कारण अन्नातलं बी १२ सुटं व्हायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं. आणि हे मिळतं दूध-दही, अंडी, मासे, मटण यातूनच, पालक-मेथी कितीही खा, त्यात नाहीच. लिव्हरमध्ये साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमी पडतंय हे कळतंच उशिरा, तोवर नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होत राहतं आणि फार उशीर झाला तर सगळं भरून येत नाही. मला भीती वाटते ती याचीच.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून आसपासच्या खेड्यातल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात साधारण दोन तृतीयांश जणींचं बी १२ कमी निघालं. म्हणजे हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं नाहीये.

बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट छान दिसतो, आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. बी ६ चं उलट, जास्त डोसमध्ये खूप दिवस घेतलं तर त्यानेच हातपाय बधिर होतात, त्यामुळे दोन डॉक्टरांच्या दोन वेगळ्या 'नसांच्या गोळ्या' चालू असतील तर पाकिटामागचं वाचा, दोन्हीत पायरिडॉक्सिन, म्हणजेच बी ६, असू शकतं.

आईला आधी बी १२ ची इंजेक्शनं दिली, आता मिथाइलकोबालामिनची (म्हणजे बी १२ चीच) गोळी आहे. थकवा लवकर गेला, मुंग्या मात्र हळूहळू कमी होतायत. आणि हो, तपासायचं असेल तर गोळ्या सुरू करायच्या आधी रक्त द्या, नाहीतर आकडा वर दिसतो आणि डॉक्टरांनाही खरी परिस्थिती कळत नाही.