‘सायको’मधले पक्षी

आज सांगलीत पावसाची रिपरिप, म्हणून घरीच हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) हा सिनेमा पुन्हा पाहिला. या वेळी लक्ष फक्त पक्ष्यांवर. शहर फिनिक्स, तेही पक्ष्याचंच नाव; नायिका मेरियनचं आडनाव क्रेन म्हणजे क्रौंच. मोटेल चालवणारा नॉर्मन तिला सँडविच देतो त्या खोलीत भिंतीवर पेंढा भरलेलं घुबड, पंख पसरलेलं. कॅमेरा खाली ठेवलाय, त्यामुळे ते त्याच्याच डोक्यावर झेपावल्यासारखं दिसतं. काय विचार केलाय! शॉवरमध्ये मेरियनचा खून होतो, त्यानंतर दचकून त्याच्या हातून भिंतीवरची तसबीर पडते, तीही पक्ष्याचीच. पक्ष्यांपलीकडचंही एक दिसलं: मेरियनची पर्स आधी पांढरी, ४०,००० डॉलर चोरल्यावर काळी. शॉवरमधल्या खुनाच्या प्रसंगाचीच वाट पाहत बसलं की हे सगळं निसटतं. शॉवरनंतर मोरीच्या भोकात गरगरणारं पाणी हळूहळू तिच्या उघड्या डोळ्यात विरघळतं.