साडेपाच अंश

टूरच्या शेवटच्या दिवशी टूर मॅनेजरच्या डोक्यात तीनच गोष्टी असतात: बॅगा, पासपोर्ट आणि ड्रायव्हरचे तास. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटं थांबावंच लागतं. मिनिटामिनिटाची नोंद गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रावर होते. "सांगा ना त्याला पाच मिनिटं थांबायला" म्हणणाऱ्यांना हे कधी पटत नाही. दंड त्यांना थोडाच भरायचा असतो?

त्या दिवशी पॅरिसमध्ये ११ ते २ ऑपेराजवळ खरेदीसाठी मोकळा वेळ होता. सांगलीकडचे एक निवृत्त शिक्षक नाश्त्याला जवळ आले. "मॅडम, पाँथेऑन लांब आहे का हो? फूकोचा लंबक बघायचा होता."

पाँथेऑन ही पॅरिसमधली घुमटाची जुनी इमारत. १८५१ मध्ये फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिथल्या घुमटाखाली ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला. त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते, त्यावरून पृथ्वी फिरते हे त्यानं लोकांना दाखवलं. "आता आहे तो मूळ गोळा नाही, माहीत आहे मला," सर म्हणाले. "शाळेत आम्ही वाशाला टांगून करायचो. पण आपल्याकडे झोका तासाला जेमतेम साडेचार अंश वळतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पोरांना काय दिसणार? त्यात दोरी तोकडी, झोकेच थांबायचे. इथे तासाला अकराच्या वर वळतो."

मी नाही म्हटलं. वय ७४, भाषा येत नाही, रात्री विमान. शेवटच्या दिवशी ज्येष्ठांना एकटं सोडायचं नाही हा आमचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. "बरं, तुम्ही म्हणाल तसं," म्हणून ते दुकानाबाहेर बाकावर बसले.

कुणाला काही लागलं तर म्हणून मी तीन तास दुकानाच्या दारात उभी होते. कुणालाच काही लागलं नाही.

दोन वाजता तीन कुटुंबं टॅक्स रिफंडच्या रांगेत अडकलेली. एका दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी झाली की फॉर्म मिळतो. पुढे तो विमानतळावर कस्टमच्या पाब्लो मशीनवर स्कॅन करायचा, तोही बॅगा चेक-इनला देण्याआधी, कारण कस्टमवाले माल दाखवा म्हणू शकतात. पासपोर्ट जवळ ठेवा, हे मी सकाळपासून तीनदा बजावलं होतं. तरी एकाचा कोचमधल्या बॅगेत! निघायला दोन पन्नास झाले. त्या पन्नास मिनिटांसाठी मी ड्रायव्हरच्या अक्षरशः विनवण्या केल्या.

सरांसाठी कुणाला विनवावंही लागलं नसतं. एकट्यांना सोडायचं नव्हतं, पण मी सोबत जाऊ शकले असते. सात नंबरची मेट्रो, ऑपेरा ते प्लास मोंज आठ स्टेशनं, पुढे दहा मिनिटं चाल. मला हा रस्ता पाठ आहे.

विमानतळाकडे जाताना त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सॉरी म्हटलं. त्यांनी टूरच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर झोका तासाला किती अंश वळतो त्याचं सूत्र लिहून दाखवलं: पंधरा गुणिले अक्षांशाचा साइन. "म्हणजे अर्ध्या तासात साडेपाच अंशांहून थोडं जास्त. डोळ्यांना दिसलं असतं बरं का."