बारा आण्यांचं दुखणं

"आता घरी न्या, सेवा करा." रुग्णालयातून निघताना एवढंच कानावर आलं. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरला होता. केमोच्या दोन सायकलींनंतर अंगात काही उरलं नव्हतं. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही आणि त्या क्षणी आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे आठवले की अजून पोटात कालवतं. पोटातून निघालेली कळ थेट पाठीत जायची. आडवं झालं की वाढायची, म्हणून दादा रात्र रात्र पलंगावर बसून, उशी पोटाशी कवटाळून पुढे वाकलेले असायचे. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. विचारलं तर "चालायचंच" म्हणायचे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासूनच्या जोरदार वेदनाशामकाचं, नाव पहिल्याच आठवड्यात काढलं होतं. नको म्हणालो ते आम्ही. काका म्हणाले, "मॉर्फिन म्हणजे शेवटच." भावाला व्यसनाची धास्ती. आणि मला वाटलं, ते द्यायचं म्हणजे आपल्या हातानेच त्यांना झोपवून टाकायचं. दादांना मात्र आम्ही कुणी विचारलं नाही. ते तीन आठवडे आमच्या भीतीपायी गेले, हे मला कबूल करायलाच हवं.

शेवटी शेजारच्या वहिनींनी वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्राचं नाव सांगितलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणारी सेवा. १९९७ पासून ते पुण्यात आहे, पैसे घेत नाहीत, आणि घरच्या माणसाला रुग्णासोबत राहू देतात. मी इतकी वर्षं त्या हायवेवरून जाते, पण आत काय चालतं हे माहीत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि दादांना विचारलं, "काका, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं. आत्ता किती दुखतंय?"

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बारा आणे."

डॉक्टर हसले नाहीत. "मग चार आण्यांवर आणू," म्हणाले.

पाच मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली. दर चार तासांनी, घड्याळ बघून. दुखायला लागल्यावर गोळी द्यायची नाही, दुखायच्या आधी द्यायची, हे मला तिथे कळलं. रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मधे उठवायला नको. सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज, न चुकता, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. पहिले दोन दिवस मळमळ आणि गुंगी होती. तिसऱ्या दिवशी दादा आडवे होऊन सलग पाच तास झोपले. उठल्यावर त्यांनी पेपर मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तिथून घरी आल्यावर दोनशे पानी वही केली. वेळ, गोळी, किती आणे. दादा तिला वेबिल, म्हणजे कंडक्टरचा हिशेबाचा कागद, म्हणायचे आणि एखादी नोंद राहिली की मला बोलवून भरायला लावायचे. गोळ्या केंद्रातूनच मिळत होत्या, ते बरं. सुरुवातीला चिठ्ठी घेऊन मी सात मेडिकल पालथी घातली होती. २०१४ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचं जंजाळ कमी झालं, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात मॉर्फिन आजही मिळत नाही.

सगळ्यात कठीण गेलं ते आईला. बेचाळीस वर्षं ज्याला वाढलं तो माणूस ताट बाजूला सारतो, हे तिला सोसवेना. "दोन घास तरी घ्या हो." दादा तिच्यासाठी घ्यायचे आणि उलटी व्हायची. घरी येणाऱ्या सिस्टरनी तिला जवळ बसवून समजावलं, "आजी, ते खात नाहीत म्हणून जात नाहीयेत. जायची वेळ आलीय म्हणून भूक गेलीय." त्यानंतर आईने ताट आणणं थांबवलं. चमचाभर आमरस जिभेवर ठेवायची. मे महिना होता. दादा डोळे मिटून म्हणायचे, "पायरी."

शेवटच्या चार दिवसांत गिळणं थांबलं. सिस्टरनी दंडाच्या कातडीखाली बारीक सुई बसवून दिली आणि त्यातून औषध द्यायला मला शिकवलं. सलाईन लावा म्हणून नातेवाईक फोनवर फोन करत होते. शरीराला पेलत नसताना पाणी भरलं तर सूज आणि धाप वाढते, हे मी प्रत्येकाला तेवढ्याच शांतपणे सांगितलं. ओल्या कापसाने ओठ भिजवत राहिलो. शेवटच्या रात्री घशात घरघर सुरू झाली. श्वास थांबायचा, पुन्हा यायचा. मी घाबरून सिस्टरना फोन केला. "कुशीवर वळवा. हात धरा. ॲम्ब्युलन्स नको." त्या असं म्हणाल्या नसत्या तर मी १०८ ला फोन केला असता आणि दादा कुठल्यातरी अतिदक्षता विभागात गेले असते. पहाटे पावणेपाचला ते घरी, आमच्यात गेले.

एक व्यवहाराची गोष्ट. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, नमुना ४-अ, डॉक्टरांनी घरी येऊन द्यावा लागतो. त्याशिवाय स्मशानात अडतं. आमच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं, म्हणून त्या पहाटे धावाधाव झाली नाही. महापालिकेतली नोंदही २१ दिवसांच्या आत झाली.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "सुटले बिचारे." मला तो शब्द सहन व्हायचा नाही. दादांना सुटायचं नव्हतं. त्यांना पेपर वाचायचा होता. शेवटच्या सहा आठवड्यांत तेवढं तरी त्यांना करता आलं, आणि आणखी तीन आठवडे करता आलं असतं.

तेराव्यानंतर उरलेल्या गोळ्या केंद्रात परत नेऊन दिल्या. सिस्टरनी मोजून घेतल्या. वही मात्र मी घरी आणली. त्यात दादांनी स्वतः सांगितलेली शेवटची नोंद आहे, 'दोन आणे'. नंतर ते बोलत नव्हते. बोलत नसले की चेहऱ्यावरून दुखणं ओळखायचं असतं, हे सिस्टरनी आईला शिकवलं होतं. त्यापुढच्या रकान्यात आईचं वाकडंतिकडं अक्षर आहे. दर चार तासांनी, ओळीने अकरा वेळा तिने एकच लिहिलंय: 'कपाळाला आठी नाही.'